माळ्यावरची अनोळखी वस्तू कशी ओळखावी : नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका ठाणे, कल्याण आणि डोंबिवली इथल्या होतकरू खजिनाशोधकांसाठी आहे. अंबरनाथच्या पुढच्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी.

साहित्य : पाय न डगमगणारं एक स्टूल, एक टॉर्च, नाकाला बांधायला रुमाल, काड्यापेटी, दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, आणि त्याच इमारतीतली सत्तरी ओलांडलेली एक बाई. शेवटचं साहित्य जमवायला बहुतेक जण विसरतात.

जागा निवडणे

खजिना म्हटलं की कल्याणकराला दुर्गाडी आठवतो. १६५७ मध्ये कल्याण शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं, खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला आणि पाया खणताना द्रव्य सापडलं, असं सांगतात. तेव्हापासून कल्याणात कुठेही पाया खणायला घेतला की चार माणसं पत्र्याच्या फटीतून खड्ड्यात बघत उभी राहतात. नवशिक्याने त्यांच्यात जाऊन उभं राहू नये. एक तर त्या चौघांचं आपसांत आधीच ठरलेलं असतं. दुसरं म्हणजे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, असं तो सांगतो. दहा रुपयांत आता वडापावही येत नाही. तेव्हा पुरलेला वडापाव सापडला तरी ठाण्याला कलेक्टर कचेरीत खेप आलीच.

माळ्यावरच्या सामानाची ही भानगड नाही. ते घरच्यांनीच ठेवलेलं असतं, दडवलेलं नव्हे. शिवाय या भागात सध्या माळे उपसण्याचा हंगाम आहे. नौपाडा, रामनगर, विष्णुनगर, पेंडसेनगर, कुठेही जा, साठ-सत्तरच्या दशकातल्या तीनमजली इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. बिल्डरशी करार झाला, भाड्याची जागा मिळाली की घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढतो आणि पन्नास वर्षांत जे खाली आलं नाही ते एका रविवारी खाली येतं. बंब, घंगाळ, पुरणयंत्र, पेटाऱ्यात गुंडाळलेली मच्छरदाणी, वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह, त्या स्टोव्हच्या पिना, आणि एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा. डबा हलवला की खुळखुळतो. आपलं काम इथून सुरू होतं.

भंगारवाल्याच्या आधी पोचणे

या क्षेत्रातला सर्वात अनुभवी तज्ज्ञ भंगारवालाच, याबद्दल मनात शंका बाळगू नये. तो वस्तू उचलतो, नखाने ओरखडतो, चुंबक लावतो, आणि पाच सेकंदांत निकाल देतो : लोखंड, पितळ, तांबं, जर्मन. ही वस्तू कशासाठी आहे हा प्रश्न त्याला पडत नाही आणि म्हणूनच त्याचा धंदा चालतो. आपला प्रकार उलटा. आपल्याला धातू कळत नाही, पण वस्तू कशासाठी होती याबद्दल मात्र ठाम मतं असतात.

चुंबक त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. पितळेच्या म्हणून जपलेल्या अर्ध्या वस्तू चुंबकाला चिकटतात. आत लोखंड, वर मुलामा. अशा वेळी घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघू नये.

न घासणे

ही पायरी ठाणेकरांना सर्वात जड जाते. पितांबरीच्या गावात राहून काळं पडलेलं पितळ तसंच ठेवायचं, हे संस्कारांविरुद्ध आहे. तरीही चिंच, लिंबू, राख, पावडर, काहीही लावू नये. वस्तूचा पत्ता असतो तो तिच्यावरच्या अर्ध्या पुसलेल्या अक्षरांत, आणि घासताना आधी तेच जातं. कोरडं फडकं फिरवावं, फार तर दात घासायचा जुना ब्रश. घरातल्या कोणी वस्तू आधीच चकचकीत करून ठेवली असेल तर तिला फुलदाणी म्हणावं आणि पुढच्या वस्तूकडे वळावं.

अक्षरं वाचणे

भांडं असेल तर उलटं करावं. मराठी घरातल्या भांड्याला जन्मदाखला असतो आणि तो बुडावर किंवा काठावर टिंबाटिंबांनी कोरलेला असतो. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस बसे आणि गिऱ्हाईक सांगेल ते तो कोरून देई : कोणी दिलं, कोणाला दिलं, लग्न की मुंज, तारीख. संग्रहालयातल्या वस्तूंनाही इतकी माहिती नसते. मात्र वाचताना सावध राहावं. एकाच परातीवर दोन वेगवेगळ्या लग्नांच्या तारखा दिसल्या तर ती परात पुढे सरकवलेली आहे. आणि पातेल्यावर तिसऱ्याच आडनावाचं नाव असेल तर ते चाळीतून इकडे राहायला येताना, कोणाच्या तरी डोहाळजेवणाला मागून आणलेलं, परत करायचं राहिलेलं पातेलं आहे. हे कुटुंबासमोर मोठ्याने वाचू नये.

माप असेल तर मोहर शोधावी. पायली, शेर, मापटं, चिपटं ही मंडळी माळ्यावर हमखास भेटतात आणि नवी पिढी त्यांना पेनस्टँड म्हणते. पायली म्हणजे चार शेर. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि ही मापं दुकानातून घरात आणि घरातून माळ्यावर चढली. बाजारात वापरलेल्या मापावर निरीक्षकाने ठोकलेली मोहर असते. मोहर नसेल तर ते घरातल्या तांदळाचं माप, आणि त्यात मावणारा शेर हा सासूच्या मनावर अवलंबून होता.

वाटोळी, पितळी, वर नुसता आकडा आणि टोकाला भोक असलेली चकती सापडली तर तिला नाणं म्हणू नये. भोक मधोमध असेल तर मात्र ते नाणंच : १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा. टोकाला भोक असेल तर तो बहुधा कारखान्याचा बिल्ला. शहाड-मोहोन्याच्या रेयॉनपासून वागळे इस्टेटपर्यंत या पट्ट्यातल्या किती घरांत रोज सकाळी कोणीतरी भोंग्याच्या वेळेला पळालं, हे ध्यानात घेतलं तर बिल्ला म्हणणं नाणं म्हणण्यापेक्षा सोपं जातं. घरातल्यांना मात्र ते नाणंच असावं असं वाटतं.

आता आपली वस्तू

नमुन्यादाखल एक अवघड वस्तू घेऊ, म्हणजे पद्धत समजेल. बिस्किटांच्या डब्यात, बटणं आणि वाकलेल्या सुया यांच्या खाली, ती असते. मुठीत मावेल एवढी, लोखंडी, निकेलचा मुलामा अर्धा उडालेला. एका बाजूला दोन बोटांचा काटा बाहेर आलेला. पोटात निळसर पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या एकावर एक, त्यातल्या एकीला बारीक दात. काटा वर-खाली हलवला की दातेरी पट्टी पुढे येते, काहीतरी पकडते आणि मागे जाते. वर एक छोटी दांडी, तिच्याजवळ एक चांदणी आणि आकडे : १, ६, १२. पाठीवर इंग्रजी ठशात एकच शब्द : सिमान्को.

ही वस्तू हातात आल्यावर पहिल्या तासात कोणीही तिचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये, असं मी सांगेन. पण तुम्ही टाकणारच. निदान शेजारी काड्यापेटी ठेवून टाका, म्हणजे आकार कळेल. तळहातावर ठेवून काढलेल्या फोटोत लोक तळहात बघतात आणि भविष्य सांगतात.

तज्ज्ञांची मतं नोंदवणे

ठाण्यात सापडलेली कोणतीही लोखंडी वस्तू पहिल्या रेल्वेची असते. १६ एप्रिल १८५३ ला साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे बोरीबंदरहून ओढत आणले. त्या गाडीतून ठाणेकरांच्या हिशेबाने इतकं सामान खाली पडलंय, की ती पोचली कशी हेच आश्चर्य. कल्याणमध्ये तीच वस्तू आरमाराची होते. डोंबिवलीत तिच्यावर व्याख्यान होतं.

त्यापलीकडे माणूस जन्मभर ज्या खुर्चीवर बसला त्या खुर्चीतून वस्तूकडे बघतो. रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणतील, हे जी.आय.पी.च्या वेळचं तिकिटाला खाच पाडायचं यंत्र, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली ही माहिती तुम्ही न विचारता देतील. बँकेतले काका म्हणतील, १, ६, १२ म्हणजे पै. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, हे १ एप्रिल १९५७ पर्यंत चाललं. तेव्हा हे पै मोजायचं उपकरण. हिशेब चोख आहे, फक्त पै आत टाकायची कुठून ते काकांनी सांगितलेलं नाही. जुन्या दवाखान्यातले कंपाउंडर दातेरी पट्टीकडे बघून गप्प होतात आणि वस्तू परत देतात. एमआयडीसीत फिटर म्हणून काम केलेले गृहस्थ एवढंच म्हणतील, की हे कशाला तरी स्क्रूने बसतं. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

मग ‘सिमान्को’वर चर्चा येते. ग्रुपवर इतिहासाची आवड असलेला एक तरुण असतोच. साष्टी-वसई दोन शतकं पोर्तुगीजांकडे होती, ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधायला घेतला आणि तिथे आज कारागृह आहे, हे सगळं तो बरोबर सांगतो. त्यावरून सिमान्को हा कोणी पोर्तुगीज कप्तान आणि ही त्याच्या बंदुकीची कळ, हेही तो त्याच दमात सांगतो. दहा खऱ्या गोष्टींच्या रांगेत अकरावी खोटी गोष्ट विनातिकीट आत शिरते. नवशिक्याने दरवाजावर उभं राहून अकराव्या गोष्टीलाच तिकीट विचारायला शिकावं.

फोनमधल्या चित्रशोधाला विचारायला हरकत नाही. तो बाटलीचं झाकण उघडायचं साधन दाखवतो आणि विकतही देतो.

थोडा इतिहास, धीर धरण्यासाठी

ठाण्याला अनोळखी वस्तूंचा अनुभव जुना आहे. कारागृह असलेल्या त्याच किल्ल्यात १७८७ मध्ये बांधकामासाठी खणताना अक्षरं कोरलेले तांब्याचे पत्रे निघाले. आसपासच्यांना ती अक्षरं वाचता येईनात. जनरल कार्नाकने ते प्रकरण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपर्यंत पोचवलं. तिथे रामलोचन नावाच्या पंडितांनी लेखाचा अर्थ लावला आणि १७८८ मध्ये सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच खंडात तो छापून आला. ते शिलाहार राजा अरिकेसरीचं शके ९३९ चं, म्हणजे १०१७ चं दानपत्र होतं. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा इतिहास आज आपण सहज बोलतो. त्याची सुरुवात, कोणीतरी ते पत्रे तांब्याच्या भावाने मोडीत घातले नाहीत, इथे आहे. खणणाऱ्यांच्या हाती ते लागले, कार्नाकने ते पुढे धाडले, पण ओळखले ते ज्याला वाचता येत होतं त्याने. वस्तू मिळालेला माणूस आणि वस्तू कळणारा माणूस एकच असावा, हा हट्ट तिथे कोणी धरला नाही.

दुसरं उदाहरण सोपाऱ्याचं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला आणि खाली स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, आणि मग एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा करत अगदी आत सोन्याचा. आपल्यापैकी कोणीही त्या सोन्याच्या डबीपाशी थांबून सराफाला फोन लावला असता. डबीत होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, खापऱ्याच. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी ते इतकं सोनं-चांदी गुंडाळून जपले होते. भगवानलालांनी खापऱ्यांची नोंद सोन्याइतकीच काळजीने केली. बटणांच्या डब्यातल्या काळ्या लोखंडाला आपण तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

झीज बघणे

ही खरी पायरी. आधीच्या सगळ्या पायऱ्या वेळ जावा म्हणून होत्या.

वस्तू डोळ्यांसमोर न धरता हातात धरावी आणि ती कुठे गुळगुळीत झाली आहे ते बोटाने शोधावं. जिथे माणसाचा हात लागला तिथली झीज मऊ आणि पसरट असते. जिथे धातूला धातू घासला तिथे कडेला चकचकीत रेघ पडते. अडकित्त्याच्या दांड्या बाहेरून झिजतात, पुरणयंत्राचा दांडा मुठीशी, पाट्याचा दगड मधोमध. आपल्या वस्तूत हात लागल्याची झीज फक्त त्या आकड्यांच्या दांडीला आहे. बाकी झीज काट्याच्या आतल्या कडेला, धातूची. म्हणजे ही वस्तू कोणी हातात धरून चालवत नव्हतं. हाताने फक्त आकडा बदलायचा, चालवणारं दुसरंच कोणीतरी. तो काटा कशाला तरी कवेत घेत होता आणि ते काहीतरी सारखं वर-खाली होत होतं.

आता एक नियम सांगतो, जो माझ्या मते या धंद्यात सर्वात उपयोगी आहे. माळ्यावरची अनोळखी वस्तू जवळजवळ कधीच पूर्ण वस्तू नसते. पूर्ण वस्तू ओळखता येते, म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं किंवा तिची वाटणी होते. बंब मोडीत जातो, तोटी राहते. झुंबर विकलं जातं, त्याचं वजन राहतं. माळ्यावर जे उरतं ते कशाचं आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं म्हणून उरतं. तेव्हा ‘हे काय आहे’ असं विचारू नये. ‘हे कशाला लागत होतं, आणि ते कधी विकलं’ असं विचारावं. फिटर गृहस्थ पहिल्याच दिवशी तेच म्हणाले होते. त्यांच्या मेसेजला एकही अंगठा आला नाही.

साहित्यातली शेवटची गोष्ट वापरणे

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ग्रुपवर नसतात. त्यांचा नंबर मुलाच्या नावावर, आणि मुलगा बंगळुरूला. त्यामुळे पोर्तुगीज कप्तानाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. त्यांच्याकडे दुपारी चारनंतर, चहाच्या वेळी जावं. वस्तू फडक्यात गुंडाळून, हलक्या आवाजात प्रस्तावना करत नेऊ नये. सरळ पुढे करावी.

“काकू, हे जरा बघता का? आमच्या माळ्यावर सापडलं.”

काकू मेथी निवडत असतात. हात ओला, म्हणून त्या वस्तू घेतही नाहीत, नुसती बघतात.

“अरे, हे चुण्या पाडायचं. मशीनला लावतात. तुझ्या आजीकडे होतं ना सिंगर.”

एवढंच. पै, रेल्वे, आरमार, कप्तान, सगळे रजेवर. मग काकूंना बोलू द्यावं, कारण आता जे मिळतं ते डब्यातल्या वस्तूपेक्षा जास्त आहे. आजी फ्रॉक शिवून द्यायची, अख्ख्या चाळीतल्या मुलींचे. शाळेच्या गॅदरिंगला तीन थरांची झालर, ती हाताने दोरा ओढून घालायची तर रात्र जायची. हे लावलं की मशीन आपोआप चुणी घालत जायचं. पुढे तयार कपड्यांचा जमाना आला, मशीन कोणाला तरी देऊन टाकलं, आणि देताना हा डबा द्यायचा राहिला, कारण त्या दिवशी आजी घरी नव्हती.

पाठीवरचा शब्दही मग सुटतो. सिमान्को म्हणजे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं-बिद्याक्षरं जुळवून केलेला ठसा. कंपनी आपल्या सुट्या भागांवर तो मारायची. मशीनच असतं तर त्याच्या क्रमांकावरून कारखाना आणि साल कळलं असतं. आपल्याकडे आलेली बरीच सिंगर स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेली होती. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पण मशीन गेलं, क्रमांक गेला.

ओळख पटल्यानंतर

निराश होऊ नये. किंमत विचारू नये, कारण असंच नवं ‘फूट’, म्हणजे मशीनला लावायचा हा भाग, शिवणाच्या सामानाच्या दुकानात आजही मिळतं. अमेरिकेतल्या भाच्याबरोबर ‘अँटिक’ म्हणून पाठवण्याचा मोह झाला तर १९७२ चा पुरावशेष कायदा आठवावा. शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आपली वस्तू त्यात बसण्याची शक्यता कमी, पण विमानतळावर चुण्या पाडायचं यंत्र म्हणजे काय हे समजावून सांगायची तयारी असेल तरच न्यावी. संग्रहालयाला द्यायची असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा चक्कर मारून यावी. अडकित्ते, दिवे, दौती यांची तिथली दाटी बघितली की आपली वस्तू न देण्याइतपत नम्रता अंगी येते.

ग्रुपवर खुलासा टाकावा. त्यावर पोर्तुगीज तरुण ‘पण सिंगरच्या आधीही अशी कळ असू शकते’ असं लिहील. वाद घालू नये.

त्यापेक्षा ती वस्तू चालवून बघावी. सिंगर गेलं तरी काकूंकडे उषाचं मशीन आहे आणि साध्या शिलाईच्या मशीनला हे फूट बहुधा बसतं. सांध्यांत तेलाचा एक थेंब घालावा. मशीनचं नेहमीचं फूट काढून त्या जागी हे स्क्रूने घट्ट करावं. काटा सुई धरणाऱ्या स्क्रूला कवेत घेईल असा बसवावा, नाहीतर पहिल्याच फेरीत सुई मोडेल. कापड दोन निळ्या पट्ट्यांच्या मधे सरकवावं. दांडी चांदणीवर ठेवली तर नुसती शिलाई पडते, १ वर दर टाक्याला चुणी, ६ वर सहा टाक्यांनी, १२ वर बारा टाक्यांनी. सुरुवात जुन्या परकराच्या पट्टीवर करावी आणि दांडी सहावर ठेवावी. एकवर कापड फार खातं.